वाफ सोडण्याआधी

मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय पाळदेकाका,

नमस्कार. काल तुम्ही फाटकाच्या आतून म्हणालात, "फोनवर ओरडतोस, दारात ओरडतोस. काय म्हणायचं ते कागदावर लिही आणि पोस्टाने पाठव. बघू कागदावर कसा ओरडतोस." म्हणून लिहितोय. गाडीवर मी तासाभरात देवळाली कॅम्पला पोचतो, आणि हे पाकीट किती दिवस घेईल देव जाणे. तरी ठीक.

मुद्दा सरळ आहे. माझं मीनावर प्रेम आहे आणि मला तिच्याशीच लग्न करायचंय. चोरून काही नाही. एकाच बसने कॉलेजला जायचो तेव्हापासूनची ओळख. तिने पदवी घेतली, आता कॅम्पातल्या शाळेत शिकवते. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं. सोडलं, नापास झालो नाही, हे लक्षात घ्या. विभागप्रमुखांनी सगळ्या वर्गासमोर माझं जर्नल खिडकीतून फेकलं, मी त्यांची बॅग फेकली. माफी माग म्हणाले. आधी तुम्ही मागा म्हणालो. संपलं कॉलेज. आता वडिलांबरोबर गुलाबाचं पॉलीहाऊस बघतो, पहाटे गणेशवाडीच्या फूलबाजारात माल घेऊन जातो. रिकामा नाही.

आता कालचं. तुमच्या ओट्यावर इस्त्रीचा शर्ट घालून, पायावर पाय टाकून चहा पीत बसलेला तो कोण होता? मीनाला दाखवायचा कार्यक्रम होता ना? मग तसं सांगायचं. या स्थळाला माझी संमती नाही. संमती तुमची लागते हे मला कळतं, पण माझीही नाही.

कुंडी फुटली त्याचं वाईट वाटतं. लाथ कुंडीला मारायची नव्हती, फाटकाला मारायची होती.

मीना कालपासून फोन उचलत नाही. तिला बोलू द्या. नाहीतर मी काय करेन, मलाच माहीत नाही.

धनराज पिंगळे

*

देवळाली कॅम्प
२३ नोव्हेंबर २०२४

श्री. धनराज पिंगळे यांस,

पत्र मिळालं. कागदावरही ओरडता येतं हे कळलं. शेवटची ओळ गिरवून गिरवून तू कागद फाडला आहेस.

इस्त्रीच्या शर्टातला माणूस म्हणजे फकिरा. तो पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आला होता. त्याचं लग्न होऊन त्याला तीन मुलं आहेत. तुझा अवतार पाहून तो फिल्टर उघडा टाकून मागच्या दाराने गेला, तो आजपर्यंत आलेला नाही. आम्ही पाणी उकळून पितो आहोत.

मीनाचा फोन मी काढून घेतलेला नाही. ती स्वतःच उचलत नाही. माझ्यासमोर म्हणाली, "बाबा, मला तो हवा आहे. पण तसा नको."

या पत्राच्या आगेमागे माझा पुतण्या महेश रिक्षातून एक खोकं आणून देईल. सांभाळून उतरवून घे. मी तोफखान्यात होतो, पण तोफेपेक्षा ऑफिसर मेसच्या भटारखान्यातच माझी नोकरी गेली. निवृत्त झालो तेव्हा कर्नलसाहेबांच्या मॅडमनी त्यांच्या घरची कॉफीची मशीन मला दिली. तिला एका बाजूला वाफेची बारीक नळी आहे. ती दुधात धरली की दुधाला फेस येतो. मॅडमच्या हातून तो असा यायचा की एक बुडबुडा दिसायचा नाही, वर नुसती तुळतुळीत साय चढल्यासारखी. आमच्या घरी साबणाच्या पाण्यासारखा येतो. म्हणून खोक्यातच आहे.

तसा फेस तुला जमला की कळव, मग भेटू. तोवर इकडे यायचं नाही, फोन करायचा नाही. दर वेळी काय झालं ते खरं लिहायचं.

नि. भि. पाळदे
माजी हवालदार

*

मखमलाबाद
२९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय काका,

फकिरांना माझ्या वतीने सॉरी सांगा.

बाकी तुमच्या अटीला मी हसू की रडू? लोक विचारतात शिक्षण किती, जमीन किती, व्यसन आहे का. तुम्ही विचारता दुधाला फेस येतो का. मी चहावालासुद्धा नाही. पण ठीक आहे. इंजिनिअरिंग अर्धं केलंय, एक मशीन चालवता येणार नाही का?

तर ऐका. मशीन ओट्यावर ठेवली. मोबाईलवर एक गोरा माणूस बघून घेतला, दोन मिनिटांत करतो तो. आमच्याच गोकुळी गाईचं दूध, आईने नुकतंच तापवलेलं, स्टीलच्या जगमध्ये घेतलं. नळी आत बुडवली आणि नॉब पूर्ण फिरवला. काका, ती मशीन अशी किंचाळली की गोठ्यात गाय उठून उभी राहिली. आईने कानावर पदर घेतला. निम्मं दूध माझ्या शर्टवर, थोडं छतावर, आणि वडील पेपर वाचत होते त्या पेपरवर. फेस म्हणाल तर धुणं धुतल्यासारखा. वडील म्हणाले, "इंजिनिअर झाला असता तर धरणच फोडलं असतं यानं."

दुसऱ्या दिवशी परत केलं. परत तेच. तिसऱ्या दिवशी दूध करपलं.

याचा मीनाशी काय संबंध आहे, तेवढं सांगा.

धनराज

*

देवळाली कॅम्प
४ डिसेंबर २०२४

धनराज यास,

संबंध आहे.

दूध उडालं इथपर्यंत लिहिलंस. त्यानंतर तू काय केलंस ते लिहिलेलं नाहीस.

नि. भि. पाळदे

*

मखमलाबाद
१० डिसेंबर २०२४

आदरणीय काका,

जग फेकला. भिंतीवर. त्याला खळगा पडलाय. झालं समाधान?

तुम्हाला कसं कळलं हेच मला कळत नाही. महेशने तर काही बघितलं नव्हतं.

रोज करतोय. फूलबाजारातून आलो की आंघोळीच्याही आधी. आई म्हणते, "आरं, त्या मशिनीला हार घाल आता, लय पूजा झाली तिची." वडील संध्याकाळी येतात ते दारातूनच विचारतात, "आला का फेस, का तुझ्याच तोंडाला?" मी गप्प बसतो. हे लिहून ठेवा, गप्प बसतो.

काल मात्र डोकं फिरलं. खोकं बांधलं, टेम्पोत टाकलं आणि तुमच्याकडे निघालो. फाटकाबाहेर ठेवून यायचं आणि विषय संपवायचा. द्वारकेच्या चौकापर्यंत आलो. सिग्नलला थांबलो आणि विचार केला, हे खोकं ठेवलं की मग काय? मग मीना कायमचीच फोन उचलणार नाही. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारायला लागले. एकाने तर खाली उतरून शिव्या दिल्या. मी टेम्पो वळवला आणि घरी आलो. त्याला उलट शिवी दिली नाही, हेही लिहून ठेवा.

माझ्या हातात चूक कुठे आहे ते सापडत नाही. नळी खोल धरली तर नुसतं तापतं, वर धरली तर बुडबुडे. फेस धरायच्या आधीच जग हाताला चटका देतो. दुधात म्हणावं तर खोट नाही, घरच्या गाईचं, आई धार काढून लगेच तापवते. कच्चं दूध आमच्या घरात कुणाच्या पेल्यात जात नाही. मशीनला पण नाही म्हणते. "पाव्हण्याची वस्तू हाय, तिला कच्चं दूध कसं घालू?"

मीना बरी आहे का? एवढं एक सांगितलंत तरी चालेल.

धनराज

*

देवळाली कॅम्प
१७ डिसेंबर २०२४

चि. धनराज यास,

मीना बरी आहे. तुझी पत्रं मी जेवताना मोठ्याने वाचतो. धरणाच्या वाक्याला ती ताटावरून उठून गेली, हसू लपवायला.

संबंध विचारला होतास. आज सांगतो.

मीनाची थोरली बहीण छाया गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून आमच्याकडे आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस, ती पुढे येत नाही. तिचा नवरा शिकलेला, चांगल्या नोकरीत. दारू नाही, बाई नाही. त्याने तिच्यावर कधी हात उचलला नाही, हे तो आजही छातीवर हात ठेवून सांगतो आणि ते खरं आहे. तो वस्तू फेकायचा. आमटीत मीठ कमी पडलं की ताट. फोन लागला नाही की फोन. मग इस्त्री. दर वेळी नंतर वाईट वाटायचं त्याला. रडायचासुद्धा. "तुला नाही मारलं, भिंतीला मारलं," म्हणायचा.

माझी मुलगी तिथून आली तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी तिचे हातपाय गार पडतात. त्या रविवारी तू कुंडी फोडलीस तेव्हा ती मागच्या खोलीत होती. तुझी गाडी गेल्यावरही न्हाणीघराची कडी तिने बराच वेळ काढली नाही. मीना दाराबाहेर बसून तिच्याशी बोलत राहिली.

लाथ कुंडीला मारायची नव्हती, असं तू लिहिलंस. कुंडीचं मला काही नाही.

मी भटारखान्यात पोरं शिकवली आहेत. बिघडलेला पदार्थ हातात असताना पोरगा काय करतो, त्यावरून तो कळतो. तुझ्या घरी येऊन बसणं मला शक्य नव्हतं. म्हणून मशीन पाठवली. जग फेकलास हे कळायला कुणी बघायला लागत नाही. पण नंतर खरं लिहिलंस आणि चौकातून परत फिरलास, म्हणून हे पत्र लिहितो आहे. नाहीतर खोकं परत मागवलं असतं.

हे सगळं वाचून तुला हा नाद सोडावासा वाटला तर तसं कळव. राग मानणार नाही.

निवृत्ती पाळदे

(खाली, तांबड्या शाईत, दुसऱ्या अक्षरात:)
दूध गार घे. फ्रीजमधलं. गरम दुधाला फेस धरायला वेळच मिळत नाही. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय.

*

मखमलाबाद
२ जानेवारी २०२५

ती. निवृत्तीकाका,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. बऱ्याचदा लिहायला बसलो आणि उठलो. प्रत्येक कागदावर मी स्वतःचीच बाजू मांडतोय असं वाटायचं.

नाद सोडत नाही.

छायाताईंना सॉरी म्हणा असं मी लिहिणार होतो. मग वाटलं, तुमच्या तोंडून ऐकून त्यांना काय उपयोग. म्हणून महेशकडे एक कुंडी पाठवलीय. गुलाब आहे, मीच कलम बांधलेलं. ऊन हवं, पाणी एक दिवसाआड. त्यांना नको असेल तर मीनाच्या शाळेत लावा. फुटली तरी चालेल अशी प्लास्टिकची कुंडी घेतलीय, म्हणजे आवाज होणार नाही.

त्या तांबड्या शाईच्या ओळीबद्दल. मी ती वाचली आणि पॉलीहाऊसमध्ये जाऊन बसलो. वडिलांना वाटलं, फवारणी डोळ्यात गेली.

आईला सांगितलं, दूध गार लागतं. तर म्हणाली, "कच्चं देणार नाय." मग मधला मार्ग काढला. तिने तापवायचं, मी पाण्यात ठेवून निववायचं आणि वरची साय काढून फ्रीजमध्ये. तिचंही राहिलं. दुसऱ्या दिवशी आधी नुसता नॉब सोडून नळीतलं पाणी काढून टाकलं. मग नळीचं टोक दुधाच्या जेमतेम खाली धरलं. काका, त्याचा आवाज वेगळा आहे. सकाळी आई धार काढते तेव्हा रिकाम्या बादलीत पहिली चिळकांडी पडते ना, तसा चर्र चर्र. तो ऐकू आला आणि मला वाटलं, अरे, हे तर मी लहानपणापासून ऐकतोय. मग जग थोडा वर घेतला. दूध आपोआप गोल फिरायला लागलं. बुडबुडे त्यात बुडाले. वर चकाकी आली, ओल्या रंगासारखी.

मी कितीतरी वेळ ते नुसतं बघत उभा होतो. वडिलांना कप दिला. सगळा पिऊन म्हणाले, "चहा बरा." पण दुसऱ्या दिवशी दारातून फेसाचं काही विचारलं नाही, विचारलं, "आहे का एक कप?"

त्यानंतर चारदा जमलं, दोनदा नाही. खळगा पडलेला जगच वापरतोय. नवीन आणला नाही.

आपला,
धनराज

*

देवळाली कॅम्प
९ जानेवारी २०२५

चि. धनराज यास अनेक आशीर्वाद,

कुंडी मिळाली. छायाने ती मागच्या अंगणात ठेवली आहे. जागा तिने निवडली.

येत्या रविवारी सकाळी मशीन घेऊन ये. सोबत कुणाला आणू नकोस. हे स्थळ पाहणं नाही, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला नाहीस तरी चालेल. कॉफी तू करायची. मीना मदत करणार नाही, मी तिला तशी ताकीद दिली आहे.

छाया म्हणाली, "मी स्वयंपाकघरात असेन." मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं. ती आपण होऊन म्हणाली. तेव्हा सांभाळून.

निवृत्तीकाका

*

मखमलाबाद
१३ जानेवारी २०२५

ती. काका,

काल मी तुमच्याकडे जे बोललो ते सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावलं असतं. म्हणून आज लिहितोय.

घरून निघताना मी फक्त फेसाचा विचार करत होतो. दूध बर्फात ठेवून आणलं होतं. सरावही करून आलो होतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मशीन ठेवली, तापवली, नॉबवर हात ठेवला आणि मागे बघितलं. छायाताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बोटं पांढरी पडली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं, ही मशीन काम करायच्या आधी किंचाळते. गाय उठली होती आमची. आणि एवढी साधी गोष्ट मी इतक्या दिवसांत धरलीच नव्हती.

माझा हात तिथेच राहिला. मीना माझ्याकडे बघत होती, तुम्ही पेपर धरला होता पण वाचत नव्हता. पळून जावं असं वाटलं. मग जे सुचलं ते बोललो. "ताई, आता आवाज होणार आहे. आधी फुस्स करून मोठा, नळीतलं पाणी जाईपर्यंत. मग बारीक चर्र. तुम्ही हो म्हटलं की सोडतो." त्यांनी मान हलवली. मी नॉब थोडासाच सोडला. त्या दचकल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. मी बंद केला. "आता दुसऱ्यांदा होणार, सोडू?" म्हणाल्या, "सोड." त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पण मग माझं लक्ष सगळं त्यांच्याकडे. जगकडे बघायचं राहिलं, नळी वर आली आणि भसाभसा बुडबुडे. इतके दिवस ज्याच्यासाठी घासलं ते नेमकं कालच बिघडलं. मॅडमचा फेस नव्हता तो. धुण्याचाच होता. तुमच्या मिशीला लागला आणि तुम्ही तो रुमालाने पुसलात. मीना मोरीत जाऊन कप विसळत बसली. मी दुसरा कप करू का विचारलं, तुम्ही म्हणालात, "राहू दे. मशीन इथेच ठेव."

राहू दे म्हणजे काय, हे मी येताना लॅम रोडभर विचार करत होतो. नापासच झालो असणार. पण एक सांगतो, खोटं नाही. मला राग आला नाही. ना मशीनचा, ना तुमचा. मी वाट बघितली, आता येईल, आता येईल. द्वारका आली, पंचवटी गेली, घर आलं. तोवर भूक लागली होती.

जे असेल ते स्पष्ट लिहा. वाचून काही फेकणार नाही.

आपला,
धनराज

*

देवळाली कॅम्प
१८ जानेवारी २०२५

चि. धनराज यास अनेक आशीर्वाद,

फेस वाईट होता. मेसमध्ये असा कप मी भटारखान्यातूनच बाहेर जाऊ दिला नसता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे ते सुटलं असं तुला वाटायला नको.

आता पुढचं. तू गेल्यावर मशीन ओट्यावरच होती. कुणी हात लावला नाही. आज सकाळी मी बाहेरच्या ओट्यावर पेपर वाचत होतो, माझ्या सासुरवाडीहून पाहुण्या आलेल्या भागीबाई दाण्याच्या शेंगा सोलत होत्या, मीना न्हाणीघरात होती. इतक्यात स्वयंपाकघरातून छायाचा आवाज आला. चांगला खणखणीत, सगळ्या घरभर ऐकू जाईल असा. "आवाज होणार आहे हं!"

भागीबाई घाबरून म्हणाल्या, "कसला गं, बाई?" न्हाणीघरातून मीना ओरडली, "होऊ दे!" आणि मग ती मशीन किंचाळली. छायाने स्वतः नॉब फिरवला होता. मी आत जाऊन पाहिलं तर ती जगमध्ये डोकं घालून बघत होती, नळीचं टोक कुठवर आलं ते. हसत होती. तिच्या आईने देवापुढची उदबत्ती तशीच हातात धरून ठेवली होती.

मी परत येऊन पेपर उघडला. अक्षर दिसेना. बऱ्याच दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, एवढंच लिहितो.

तिचा फेस तुझ्यापेक्षा बरा आला आहे, तुळतुळीत नाही, पण बरा.

आता पत्र नको. उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, २६ तारखेला, आईवडिलांना घेऊन ये. हे मात्र स्थळ पाहणं आहे, इस्त्रीचा शर्ट घाल. दूध तुमच्या गाईचं आण, आईंना म्हणावं तापवलेलंच आणा. फकिरालाही बोलावलं आहे, फिल्टर अजून उघडाच आहे. आत येताना त्याला आधी नमस्कार कर आणि तो सांगेल तिथे बॅटरी धरून उभा राहा.

निवृत्तीकाका

(खाली, तांबड्या शाईत:)
फोन कर. उचलते.